कवटीफोड्या: एका सीटच्या शिकाऊ ग्लायडरचं एकास दहा मॉडेल

मी पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३४ वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ज्यांवरून वाळूत ओतकामाचा साचा उठवतात ते नमुने. विमानाशी माझा संबंध काडीचा नव्हता. मुलगी फ्रँकफर्टला असते, ती एका उन्हाळ्यात वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर घेऊन गेली. ९५० मीटर उंचीचा गवताळ डोंगर. आपल्या मसाई पठाराला थोडा जास्त उतार दिला तर कसं दिसेल, तसा. तिथे उतारावर एक वस्तू उभी होती. लाकडी चौकट, वर पंख, मागे शेपूट, पुढे एक फळी आणि फळीवर माणूस. ना काच, ना केबिन, ना इंजिन. दोन्ही बाजूंना चारपाच जणांनी जाड रबरी दोर धरला होता. ते ओढत उताराखाली पळाले, मागच्यांनी शेपूट सोडलं आणि ती पंख लावलेली शिडी माझ्या डोळ्यांदेखत उडाली. अर्ध्या मिनिटात खाली गवतात टेकली.

तिचं नाव एस. जी. ३८. एस. जी. म्हणजे ‘शुलग्लायटर’, शिकाऊ ग्लायडर. जर्मन पोरांनी ठेवलेलं टोपणनाव मात्र वेगळं, ‘शेडेलश्पाल्टर’, म्हणजे आपल्या भाषेत कवटीफोड्या. बसणाऱ्याच्या तोंडासमोरच चौकटीचा एक लाकडी दांडा येतो, म्हणून.

घरी आल्यावर मी तिची तीन मॉडेलं केली. पहिलं दुसऱ्या उड्डाणात संपलं, दुसरं पावसाळ्यात पिळवटलं. तिसरं अजून उडतंय. खाली जे सांगतोय ते तिसऱ्याचं, पण पहिल्या दोघांनी शिकवलेलं.

आधी हे विमान असं का, ते समजून घ्या

नाहीतर तुम्ही नुसतं शोपीस कराल. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली. पोरं बिनइंजिनाच्या विमानांकडे वळली. आज दोन सीटच्या ग्लायडरमध्ये शिकवणारा मागच्या सीटवर बसतो. त्या काळी जर्मनीत रीत वेगळी होती. शिकणारा पहिल्या दिवसापासून एकटा आणि गुरुजी जमिनीवरून ओरडणार. १९२६ साली अलेक्झांडर लिपिशने ह्या रीतीसाठी ‘त्स्योग्लिंग’ नावाचं ग्लायडर आखलं. त्स्योग्लिंग म्हणजे शिष्य. त्याच वासरकुप्पेवर फ्रिट्झ श्टामर पोरांना त्यावर शिकवायचा.

आता विचार करा, ज्याने कधी काही उडवलेलं नाही तो एकटा बसणार. म्हणजे आपटणार, हे धरूनच चालायचं. प्रश्न एवढाच की आपटल्यावर काय मोडावं. माणूस नाही मोडायचा, आणि जे मोडेल ते गावच्या सुताराला शनिवारपर्यंत जोडता आलं पाहिजे. बारा वर्षं अशी आपटाआपटी बघून झाल्यावर, १९३८ मध्ये, ग्रुनाऊ गावात एडमुंड श्नायडरच्या कारखान्यात श्नायडर, रेबेर्ग आणि हॉफमन यांनी नवीन आराखडा केला, तो हा एस. जी. ३८. (ते ग्रुनाऊ आता पोलंडमध्ये आहे.) त्स्योग्लिंगच्या तुलनेत शेपूट मोठं केलं, चाकांऐवजी खाली असलेल्या घसरपट्टीला स्प्रिंग दिली, सीट सुधारली, आणि पंखांना वरून ताणणाऱ्या तारांसाठी उलट्या व्हीसारखा वेगळा खांब उभा केला. बाकी मूळ कल्पना तीच ठेवली.

एक गोष्ट लपवायची नाही. हे विमान हिटलरच्या काळातलं. हजारोंनी बनलं ते हौसेसाठी नव्हे, शाळकरी पोरांना पुढे वायुदलात ढकलायचं होतं म्हणून. सुताराचं काम चांगलं असतं, करून घेणारा चांगला असतोच असं नाही.

मापं

एकास दहा घ्या, हिशोब तोंडी होतो. मूळ पंखाचा विस्तार १०.४१ मीटर, म्हणजे आपला १०४१ मिलिमीटर. लांबी ६.२८ मीटर, आपली ६२८ मिलिमीटर. पंखाचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटर, ते शंभराने भागायचं, म्हणजे १६०० चौरस सेंटिमीटर. वजन मात्र हजाराने भागायचं, इथे नवशिका चुकतो. मूळ विमान रिकामं सुमारे ११० किलो आणि माणसासकट उडताना २१०. आपलं रिकामं ११० ग्रॅम आणि बाहुल्यासकट २१० ग्रॅम. थोडं कमी भरलं तर उत्तम, जास्त भरलं तर कानस हातात घ्या.

वेग दहाच्या वर्गमुळाने कमी होतो. मूळ विमान ताशी ५० किलोमीटरच्या आसपास उडतं, आपलं १६ च्या आसपास. म्हणजे शाळकरी पोरगं शेजारून पळत जाऊ शकतं. मॉडेल त्याहून जोरात जात असेल तर एकतर जड झालंय, नाहीतर नाक खाली आहे.

बाजू, वर आणि पुढून अशी तिन्ही चित्रं मिळवून प्लॉटरवाल्याकडून मॉडेलच्या मापात ए-वन कागदावर काढून घ्या. अर्धा पंख आणि पूर्ण चौकट त्यात बसते.

चौकट

ही अर्ध्या दिवसाची गोष्ट आहे. सगळी चौकट एकाच पातळीत सपाट असल्यामुळे जमिनीवर मांडूनच होते, मूळ विमानाचं अर्धं शहाणपण ह्यात आहे. मऊ बोर्डावर चित्र, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर पाइनच्या पट्ट्या टाचण्यांनी धरून ठेवायच्या. पुढे, सीटखाली आणि पंखाखाली ५ × ५ मिलिमीटर, शेपटाकडे ४ × ४. पट्टी घेताना रेघ बघा. रेघ पट्टीच्या बाहेर पळत असेल तर ती चुलीला द्या.

प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंनी पातळ प्लायचे त्रिकोण चिकटवा. त्या काळी लाकडी विमानांना दुधातल्या केसीनचा सरस सर्रास वापरत. आपल्याला पाण्याला टिकणारा पांढरा गोंद पुरतो. रात्रभर टाचण्या काढू नका. मी पहिल्या वेळी घाई केली, चौकट केळीच्या सालीसारखी वाकली.

पंख, म्हणजे खरं काम

फासळ्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या, एकेक कापू नका. आमच्या धंद्यात एकासारखे एक असे चार तुकडे लागले की एकत्र बांधून घासतात, तेच इथे करा. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन नमुने कापा, मध्ये २ मिलिमीटर बाल्साचे (हे अगदी हलकं लाकूड) चौदा तुकडे, दोन बोल्ट आरपार, आणि आता कानस, मग पॉलिश पेपर. दोन्ही पंखांना दोन गठ्ठे. फासळीची लांबी १५५ मिलिमीटर, खालून सपाट, जाडी १४, आणि सर्वांत जाड जागा पुढच्या टोकापासून ४६ मिलिमीटरवर. फासळ्यांमधलं अंतर ४० मिलिमीटर. आरपार दोन तुळया, पाइनच्या, ३ × ५ उभ्या. पुढची कड ६ मिलिमीटर चौरस बाल्सा, नंतर रंध्याने गोल करायची. मागची कड तिकोनी पट्टी. पंखाच्या बुडाशी दोन्ही तुळयांना पातळ पितळी नळी बांधून घ्या, जोडणीला लागेल.

बाल्सा महाग पडतो हे खरं. सावरीच्या लाकडाची पातळ फळी मिळाली तर तीही हलकी असते, पण रंधा फारच धारदार लागतो, नाहीतर कापसासारखे पुंजके निघतात. तुळयांना सावर वापरू नका.

पंख जोडताना प्रत्येक टोक मधल्यापेक्षा ४० मिलिमीटर वर घ्या. मूळ विमानापेक्षा हे जास्त आहे आणि ते मुद्दाम आहे. तिथे तोल सावरायला माणूस बसलेला असतो, आपला माणूस लाकडाचा. आणि टोकांकडे मागची कड २ मिलिमीटर वर पिळा, म्हणजे वेग पडला की टोक आधी कोसळत नाही.

कागद पतंगाचा चालतो. ज्याने दिवाळीला आकाशकंदील केलाय त्याला कामट्यांवर कागद ताणायला मी शिकवायला नको. कागद चिकटला की पाण्याचा बारीक फवारा मारा, वाळताना तो ढोलासारखा ताणतो. मग लॅकर आणि थिनर निम्मंनिम्म करून दोन हात, आणि वाळेपर्यंत पंख बोर्डावर टाचून ठेवा, त्या २ मिलिमीटरच्या पिळासकट.

हे काम पावसाळ्यात करू नका. मी जुलैमध्ये केलं. दमट हवेत लॅकर पांढरा पडला, अंगावर कोड उठावं तसा. घाईघाईने पंख चुलीजवळ नेला, तेव्हा तो पापडासारखा पिळवटला. दुसरं मॉडेल गेलं ते असं, एकदाही न उडता. नोव्हेंबरची कोरडी हवा येईपर्यंत थांबा.

मोडायची जागा

आता पहिल्या मॉडेलची गोष्ट. पंख आणि चौकट मी इपॉक्सीने पक्के केले होते. पक्कं म्हणजे चांगलं, असा आम्हा कारागिरांचा भ्रम असतो. पठारावर डावं टोक दगडाला लागलं आणि धक्क्याला कुठेच वाट मिळाली नाही. पंख सुटला नाही, म्हणून तुळई तुटली, चौकट फाटली, शेपूट उडालं. नात म्हणाली, “आजोबा, पॅटर्नमध्ये तुम्ही सुटा तुकडा ठेवता ना, वाळू मोडू नये म्हणून?” दहा वर्षांच्या पोरीने माझा धंदा मला सांगितला. पॅटर्न वाळूतून वर काढताना ज्या भागाने साचा फाटेल तो भाग आम्ही सुटा करतो. तो मागे राहतो, मग वेगळा काढायचा.

तर पंख चौकटीला दोन तारांच्या खुंट्यांवर नुसता खोचा. खुंट्या २ मिलिमीटरच्या, पंखातल्या नळीत सैल बसणाऱ्या. डावा-उजवा पंख एकमेकांना वरून रबरबँडने बांधा. आता ताणाचे दोरे. पंखाच्या वर दोन काड्यांचा उलटा व्ही उभा करा. त्याच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या मध्यावर दोरे, हे जमिनीवर असताना पंख तोलतात. तसेच चौकटीच्या खालून पंखांच्या मध्यावर दोरे, हे उडताना पंख वर जाऊ देत नाहीत. तंगूस वापरू नका, तो ताणतो. चांभाराचा मेण लावलेला दोरा घ्या. खालच्या प्रत्येक दोऱ्याच्या शेवटी शिवणाच्या साध्या सुती धाग्याचं एक कडं घाला. हा आपला फ्यूज. जोरात आपटलं की कडं तुटतं, पंख खुंट्यांवरून निसटतो, बाकी सगळं शाबूत. एका कड्याची किंमत शून्य आणि बदलायला अर्धं मिनिट.

घसरपट्टीचंही तसंच. एक कामटी गरम करून पुढून वर वाकवा आणि चौकटीला थेट चिकटवू नका. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तीन तुकडे घाला. १९३८ साली स्प्रिंग दिली ती अशीच. सीटवरच्या माणसाच्या पाठीचा मणका आणि जमीन ह्यांच्यामध्ये दुसरं काहीच नव्हतं.

शेपूट दोन करा

हा भाग टाळू नका, सगळी मजा इथे आहे. आडवं शेपूट रबरबँडने बसवा आणि दोन मापांत करा: एक ३२० × ६० मिलिमीटर, दुसरं ३८० × ८०. ही मापं माझी, मूळ विमानांची नव्हेत. फरक दिसावा म्हणून अशी घेतली. पहिलं पंखाच्या साधारण १२ टक्के, दुसरं १९ टक्के. उभं शेपूट एकच चालेल.

बाहुलाही दोन. मी पांगाऱ्याचे कोरले, सावंतवाडीची खेळणी ज्याची करतात ते लाकूड. पोटात गळाची शिशं भरून एक ९० ग्रॅमचा केला, दुसरा ५० चा. म्हणजे ९० किलोचा गडी आणि ५० किलोचं पोरगं. जड गडी बसवा आणि नाकात शिसं कमीजास्त करून तोल असा आणा की पंखाच्या पुढच्या कडेपासून ५१ मिलिमीटरवर दोन बोटांवर मॉडेल सपाट राहील. आता गडी उतरवून पोरगं बसवा, बाकी काही बदलू नका. तोल अकरा-बारा मिलिमीटर मागे सरकतो.

लहान शेपटाने जड गडी ठीक उडतो. त्याच लहान शेपटाने पोरगं उडवा: नाक वर, थांबलं, कोसळलं, परत वर, परत कोसळलं. आता मोठं शेपूट लावा. पोरगंही उडतं. नाक थोडं वर राहतं, पण कोसळत नाही. रांगेत उभ्या वेगवेगळ्या वजनाच्या पोरांना एकच विमान द्यायचं असेल तर शेपूट मोठं का हवं, हे पाच मिनिटांत हाताला कळतं.

पंख्यासमोर

मैदानावर जायच्या आधी घरात एक प्रयोग. जर्मन शाळांत नवख्याला आधी एका घोडीवर बसवत. ग्लायडर तोलाच्या जागी टेकवलेलं, समोरून वारा, आणि पोराने हातातला दांडा हलवून पंख सपाट ठेवायचे. आपण तोलाच्या जागेखाली एक खिळा उभा करू, त्यावर मॉडेल सैल टेकवू आणि समोर टेबलफॅन. पंखाच्या मागच्या कडेला पुठ्ठ्याचे दोन पडदे वरखाली वाकवा. उजवा खाली, डावा वर: मॉडेल डावीकडे कलतं. नातीने हे एक तास केलं. फॅनच्या वाऱ्यात पीळ असतो, म्हणून थोडं लांब ठेवा, नाहीतर मॉडेलचा दोष समजून उगाच पंख घासत बसाल.

मैदानावर

पहिल्यांदा हाताने. गवत गुडघाभर असेल तर बरं. वाऱ्याकडे तोंड, खांद्याइतकी उंची, नाक किंचित खाली, आणि फेकायचं नाही, सोडायचं. दीड मीटर उंचीवरून नऊ-दहा मीटर गेलं तर शाबास. हे एकास सहा झालं. मूळ विमान एकास दहा जातं. लहान पंखाला हवा घट्ट लागते, तेवढी घट सोसायची.

नाक वर करून थबकत असेल तर नाकात एक ग्रॅम शिसं. सरळ खाली घुसत असेल तर आडव्या शेपटाच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्डाचा एक तुकडा. एका बाजूला वळत असेल तर आधी शेपूट सरळ आहे का बघा, मग पंखाचा पीळ. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. माझ्या वहीत पहिली तीन पानं नुसती ‘डावीकडे’ अशी आहेत. शेवटी कळलं की डाव्या पंखाला कागद दुहेरी लागला होता.

मग रबर. मेडिकलच्या दुकानातली रबरी नळी, दीडदीड मीटरच्या दोन. मध्ये एक कडी, ती घसरपट्टीखालच्या मागे वळलेल्या आकड्यात. ताण गेला की कडी आपोआप पडली पाहिजे, ती पडते का हे आधी घरात दहा वेळा बघा. दोन पोरं व्हीच्या दोन टोकांना, तिसरं शेपूट धरून. जर्मनांच्या तीन आज्ञा असत: ताणा, पळा, सोडा. आमच्याकडे “ओढा! पळा! सोड!” चालतं. सोडणाऱ्याने ‘सोड’ ऐकल्याशिवाय सोडायचं नाही आणि ओढणाऱ्यांनी मागे वळून बघायचं नाही, ह्या दोन गोष्टींवर आमच्यात भांडणं झालीत. आणि ओढणारी दोघं एकमेकांपासून लांब पळाली पाहिजेत, मॉडेल त्यांच्या मधून जातं.

त्यांची शाळाही पायरीपायरीने जायची. आधी जमिनीवर नुसतं घसरणं, मग हातभर उडी, मग उतारावरून सरळ. पहिल्या परीक्षेला ३० सेकंद हवेत राहायचं, दुसरीला ६०, आणि तिसरीला सुटलेल्या जागेच्या वर ५ मिनिटं. मूळ विमान सेकंदाला १.३ मीटर खाली येतं, म्हणजे पहिल्या परीक्षेलाच ४० मीटर उंचीची टेकडी लागते. आपलं मॉडेल हळू उतरतं, सेकंदाला साधारण ७० सेंटिमीटर. २०-२१ मीटरच्या उताराने काम भागतं. आम्ही मसाई पठाराच्या कडेला, वाऱ्याकडे तोंड करून, गवताळ सोंड बघून करतो. सप्टेंबरात तिथे फुलं असतात, तेव्हा जाऊन तुडवू नका. आणि म्हशी चरत असतील तर थांबा. म्हैस हलत नाही, आणि मॉडेलला वळता येत नाही.

सोबत डब्यात हे ठेवा: सुती धाग्याची बारा कडी, रबरबँड, पटकन सुकणारा गोंद, पतंगाचा कागद हातभर, दोन जादा कामट्या, प्लायचे त्रिकोण, ब्लेड, पोस्टकार्ड. मागच्या रविवारी आमची सात कडी तुटली, एक कामटी मोडली, आणि ५० ग्रॅमच्या पोराचं नाक त्या पुढच्या दांड्यावर आपटून उडालं. मॉडेल मात्र त्याच दिवशी आणखी नऊ वेळा उडालं. सर्वांत लांब उड्डाण २२ सेकंदांचं. नातीने बाहुल्याला नवीन नाक लावलंय, थोडं मोठंच.